मावशीचा टर्बो

माझी घरमालकीण देवाशी हळू बोलायची आणि गाडीशी मोठ्यानं. देवाजवळ तिचं फारसं मागणं नसे, गाडीजवळ होतं. अंगणातल्या शेवग्याखाली एक जुनी पांढरी गाडी उभी असायची. तिच्या बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत वाकून ती सकाळी सकाळी जे काही बोलायची, ते इथं लिहिता येणार नाही. ‘जल्ली मेली’ हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द. मी मागच्या खोलीत चहा करत असायची. तो आवाज कानावर पडला की दिवस नीट सुरू झाला असं वाटायचं. आता नागपुरात माझ्या आजूबाजूला फार सभ्य माणसं राहतात. सकाळी कुणाचाच आवाज येत नाही.

तिची माझी ओळख खांद्यामुळे झाली. अकोल्याहून मी पनवेलच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. एक दिवस उंच, सावळी, पन्नाशी ओलांडलेली एक बाई समोर येऊन बसली. कोळणी नेसतात तसं घट्ट लुगडं, कपाळ मोकळं, पण अंबाड्यावर अबोलीची वेणी. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. जन्मभर माशांच्या टोपल्या डोक्यावर चढवून खांदा धरला होता. मी तिला भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दाखवला. तिनं भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ह्यानं काय होल?”

“हात हळूहळू वर जाईल.”

“भिंतीवर चढून मना काय भेटनार हाय? पाना फिरवला तं चालल?”

“कसला पाना?”

“गाडीचा गो. दुसरा कंचा?”

मी चालेल म्हणाले. ती खूश झाली आणि तिनं मी राहते कुठं ते विचारलं. हॉस्टेल म्हटल्यावर तिनं नाक मुरडलं. “माज्या घराची मागची खोली रिकामी हाय. तू तितंच येऊन राव. मना रोज हितं कोन आनल?”

म्हणजे तिची हॉस्पिटलची खेप वाचावी म्हणून मी तिची भाडेकरू झाले. पहिल्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणायला लागले आणि ती मला, मनात असेल तसं, कधी पोरी, कधी डाक्टरीन.

घर खाडीच्या अंगाला होतं. मूळचं कौलारू, पण मुलानं त्याच्या जागी दोन मजली बंगला उठवला होता. त्याचे डंपर होते आणि विमानतळाच्या भरावाच्या कामावर त्याचं बरं चाललं होतं. फरशी संगमरवरी, जिन्याला चकचकीत कठडे, देवघरात रंग बदलणारे दिवे. ह्या सगळ्यात मावशी पाहुण्यासारखी वावरायची. माहेर करंज्याचं. लग्नानंतर तिचा नवरा आणि ती रोज पहाटे करंज्याच्या बंदरावर जायची, लिलावात मासळी घ्यायची, टेम्पोत बर्फावर रचायची आणि उरण रस्त्यानं पनवेलच्या बाजारात आणून विकायची. नवरा गेला आणि मुलानं हे सगळं बंद करून टाकलं. आता बंगला झाला, आईनं आता आराम करायचा, असं त्याचं म्हणणं. आराम म्हणजे काय करायचं असतं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती खुर्चीच्या काठावर बसायची, एसटीची वाट बघत बसल्यासारखी.

माणसांचं मोजमापही ती गाड्यांच्या हिशेबानं करायची. आमचे मोठे डॉक्टर तिला एकदा तपासून गेले. ते खोलीबाहेर पडायच्या आत ती म्हणाली, “आवाज लई, ओढ नाय.” रस्त्यावरून ट्रक गेला की अंगणातून त्याचं निदान करायची: ह्याचा क्लच गेला, त्याच्या स्प्रिंगचं पाटं मोडलं. निम्म्या वेळा चुकायची. चूक दाखवली की म्हणायची, “आज नसल गेला, उद्या जाल.”

रविवारी मला सुट्टी असायची. त्या दिवशी ती मला घेऊन उरण रस्त्यावर गव्हाणच्या अलीकडे जायची. तिथं एक चहाची टपरी होती. टपरीच्या बाजूला दगडावर बसून ती मोठ्या बंदराकडून येणारे कंटेनरचे ट्रेलर बघत राहायची. एखादी छोटी गाडी ट्रेलरच्या मागून बाहेर निघाली की मावशीचे ओठ हलायला लागत. मोजते आहे की जप करते आहे, कळायचं नाही. गाडी ट्रेलरच्या पुढं जाऊन आपल्या बाजूला आली की ती श्वास सोडायची आणि म्हणायची, “सुटला.” मग पुढची गाडी. मला वाटायचं, कुणाला क्रिकेट बघायचा नाद असतो, हिला हा आहे. मी चहा प्यायची, पेपर वाचायची.

टर्बो हा शब्द तिनं करंज्याहून आणला. तिच्या भावाच्या होडीला नवं इंजिन बसलं होतं. आकारानं जुन्याएवढंच, पण भरतीच्या उलट्या पाण्यातही होडी ओढून नेणारं. भावानं सांगितलं, ह्याला टर्बो आहे. मावशी त्या दिवशी समुद्राकडे न बघता जाऊन-येऊन इंजिनाच्या खणात डोकं घालून बसली होती. घरी आली ती थेट माझ्या खोलीत.

“इंजिन काय करतं? हवा घेतं, तेल जाळतं, धूर सोडतं. तो धूर फुकट जातो. टर्बो म्हंजी त्या धुराच्या वाटंत लावलेला पंखा. धुरानं तो फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आनकी येक पंखा. तो भायेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्ती हवा, जास्ती दम. तू लोकांना सांगतंस ना, मोट्टा श्वास घ्या? तसाच.”

“बरं मग?”

“मंग काय? आपल्या गाडीला लावायचा.”

आपली गाडी म्हणजे शेवग्याखालची. मुलाची ती पहिली गाडी, आठशे सीसीची. एके काळी प्रत्येक नोकरदाराच्या दारात दिसायची ती. आता मुलाकडे मोठी, उंच गाडी आली होती आणि ही पडून होती. मोठ्या गाडीत मावशी बसायची नाही. “बर्फातल्या पापलेटासारका वाटतं,” म्हणायची.

टर्बो कळंबोलीच्या भंगारवाल्याकडे मिळाला. कुठल्याशा मोडीत निघालेल्या डिझेल गाडीचा, नारळाएवढा, गोगलगाईच्या शंखासारखा दिसणारा. तो तिनं पदरात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा रिक्षातून मांडीवर घेऊन आणला. रिक्षावाल्यानं खड्डा चुकवला नाही म्हणून त्याला बोलली.

पुढचं काम एकटीच्या हातचं नव्हतं. बाजारपेठेमागच्या गल्लीत एक चाचा लेथवर काम करायचे. मेंदी लावलेली दाढी, कमी बोलणं. त्यांनी गाडी बघितली, टर्बो बघितला आणि कान पकडले.

“आपा, हे इंजिन गरीब आहे. एवढी हवा त्याच्या बसची बात नाही. फुटून जाईल.”

“फुटलं तं फुटलं. लोकंड हाय, मानूस नाय.”

चाचांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते माप घ्यायला लागले. त्यांना तिची कहाणी ठाऊक असावी. मला तेव्हा नव्हती.

मग ते महिने. आज मागं वळून बघते तेव्हा वाटतं, माझ्या आयुष्यात इतकं गमतीचं दुसरं काही घडलं नाही. मी हॉस्पिटलातून आले की अंगणात बॅटरी धरून उभी राहायची. मावशी पाना फिरवायची, चाचा फाईल घासायचे, शेवग्याची फुलं इंजिनात पडायची. आणि कुठलीच गोष्ट पहिल्या झटक्यात व्हायची नाही. गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा टर्बोला जाणारं तेल परत यायच्या नळीतून नीट उतरेना. ते जळायला लागलं आणि निळा धूर सगळ्या आळीत भरला. मच्छरांची फवारणी आली समजून शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. पुढच्या खेपेला हवेचा रबरी पाइप तोफेसारखा आवाज करून सुटला आणि दोरीवरच्या लुगड्यात जाऊन अडकला. चाचा म्हणाले, हवा कोंबायची तर ती वाजवीपेक्षा जास्त झाली की बाहेर पडायला वाट पाहिजे. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातला कुकर बिनशिट्टीचा झाला. चाचांनी ती शिट्टी घासून हलकी केली, स्प्रिंग लावून पाइपावर बसवली. शिट्टी वाजली की पाय वर घ्यायचा, असा नियम ठरला.

तरी इंजिन खडखडायचंच. कोंबलेली हवा तापते आणि तापलेली हवा इंजिनाला सोसत नाही, हे चाचांचं निदान. मोठ्या गाड्यांत ती थंड करायला वेगळी जाळी असते, ती ह्या गाडीत मावेना. मावशी विचार करत बसली आणि मग उठून माळ्यावरून मासळीची थर्माकोलची पेटी काढून आणली. तिला दोन भोकं पाडली, पत्र्याचा पाइप पेटीतून आरपार नेला आणि पेटी बर्फानं भरली.

“मासा टिकतो, तं हवा नाय टिकनार?”

त्या दिवशी खडखड थांबली. चाचांनी हातातली फाईल खाली ठेवली आणि टाळी वाजवली.

मुलाला हे आवडत नव्हतं. तो मनानं मऊ माणूस. डंपरच्या धंद्यात असूनही आवाज चढवायचा नाही. संध्याकाळी कामावरून आला की आईच्या मागं येऊन उभा राहायचा.

“आई, सोड ना आता.”

ती इंजिनातून मान वर काढायची नाही. तो थोडा वेळ उभा राहायचा आणि आत जायचा. एकदा ती चाचांकडे गेलेली असताना तो माझ्या खोलीच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, चौकटीला टेकून राहिला.

“ताई, तुम्ही तिला समजवा. तुमचं ऐकते.”

“छंद आहे त्यांचा. होऊ दे की.”

“छंद नाय तो. बाबा कसे गेले, सांगितलंय का तिनं?”

सांगितलं नव्हतं. रस्त्यावर गेले, एवढंच मला माहीत होतं.

मग त्यानं सांगितलं. त्या सकाळी मावशी दुसऱ्या लिलावासाठी करंज्याला थांबली होती. नवरा पहिला माल घेऊन एकटाच निघाला. गव्हाणच्या अलीकडे पुढं ट्रेलर होता. बाजार गाठायची घाई, बर्फ वितळत होता. त्यानं टेम्पो बाहेर काढला. अर्ध्यात पोचला असेल नसेल, तेवढ्यात समोरून दुसरी गाडी आली.

“टेम्पो घ्यायचा व्हता तेव्हा बाबांना मोठा पायजे व्हता, जास्त ताकदीचा. आई म्हणाली, बारका घे, बाजाराच्या गल्लीत वळतो. बाबांनी बारका घेतला.” तो चौकटीचा रंग नखानं खरवडत होता. “तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच हाय. मोठा घेतला असता तर सुटला असता.”

पुढच्या रविवारी मी पेपर नेला नाही. तिच्या शेजारी दगडावर बसले आणि तिच्याबरोबर एकेक गाडी बघत राहिले. एक लहानसा टेम्पो ट्रेलरच्या मागून निघाला तेव्हा तिनं माझा हात धरला. तिचा पंजा तेलानं काळा झालेला, खरबरीत. टेम्पो पुढं निघून गेल्यावरही तिनं हात सोडला नाही.

शर्यतीची बातमी पेट्रोल पंपावरच्या कागदावरून कळली. खारघरची काही हौशी मंडळी, कॉलेजातली आणि नोकरी करणारी, उलव्याच्या बाजूला सपाट केलेल्या एका मैदानावर मातीतली शर्यत भरवणार होती. एका वेळी एकच गाडी सोडायची, पिंपांमधून वळणं घ्यायची, शेवटी एक लांब सरळ पट्टा, आणि घड्याळ लावायचं. मावशीनं तो कागद मला दोनदा वाचायला लावला. सरळ पट्टा किती लांब, एवढंच तिला हवं होतं. तिथं पूर्वी मिठागरं होती आणि त्यांच्याच बांधांवर नवऱ्यानं तिला गाडी शिकवली होती, हे तिनं जाता जाता सांगून टाकलं.

नाव नोंदवायला आम्ही गेलो तर टेबलामागच्या तरुणानं अदबीनं उठून खुर्ची दिली.

“आंटी, लेडीज क्लास वेगळा आहे. त्यात कॉम्पिटिशन पण कमी आहे.”

“गाडी बाई हाय का बाप्या, ते बगितलंस का तू?”

“नाही, म्हणजे... तसं नाही.”

“मंग लिव सगल्यांत.”

त्यानं मुकाट्यानं लिहिलं. मग बॉनेट उघडायला सांगितलं. आत थर्माकोलची पेटी, तिच्यावर बर्फकारखान्याचा छाप आणि पलीकडे कुकरची शिट्टी. त्यानं आपल्या मित्रांना हाका मारल्या. सगळे गोळा झाले, फोटो काढायला लागले. एक जण हसला तेव्हा दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. मग त्या सगळ्यांनी तिला इतके प्रश्न विचारले की ती कंटाळून गाडीत जाऊन बसली.

शर्यतीच्या दिवशी तिनं वेणी नेहमीपेक्षा मोठी घातली होती. हेल्मेट डोक्यात जाईना. वेणी काढा म्हणून सांगितलं तर म्हणाली, “डोका बारीक करा म्हना.” शेवटी वेणीवरच हेल्मेट दाबलं. चाचा बर्फाचा खडा हातात घेऊन शेवटपर्यंत पेटीत भर घालत होते. मुलगा येणार नाही म्हणाला होता. पण गर्दीच्या मागं त्याचा पिवळा डंपर येऊन उभा राहिलेला मी पाहिला. तो खाली उतरला नाही.

गाडी सुटली आणि पहिल्याच उंचवट्यावर शिट्टी वाजली. दुसऱ्यावर पुन्हा वाजली. मग प्रत्येक खड्ड्याला. लाऊडस्पीकरवरचा पोरगा ओरडला, “भात झाला, आंटी, गॅस बंद करा!” आणि सगळं मैदान हसलं. मावशी वळणांवर अगदी जपून गेली, बाजारातून टोपली सांभाळत जावं तशी. पिंपाला धक्का नाही, धूळसुद्धा फारशी उडाली नाही. मग सरळ पट्टा आला. तिथं गाडी क्षणभर तशीच रेंगाळत राहिली आणि एकदम, कुणी मागून ढकलल्यासारखी, उसळून निघाली. हसणं थांबलं. लोक पुढं सरकून बघायला लागले. त्या पट्ट्यावर तिच्यापेक्षा जोरात त्या दिवशी फारच थोडे गेले असतील. पण वळणांवर इतका वेळ गेला होता की नंबर शेवटाकडेच लागला.

पोरांनी तिला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. कुणी फुलं दिली, कुणी पाया पडलं. ती हो हो म्हणत होती, पण तिचं लक्ष तिथं नव्हतं. टेबलावरच्या त्या तरुणाला तिनं विचारलं, “हे कवा आटपल? मना तो सरळ पट्टा मोकळा पायजे. जरा वेळ.”

ऊन उतरायला लागलं तेव्हा मैदान रिकामं झालं. गाड्या गेल्या, मंडप सुटायला लागला. मावशी चालत डंपरपाशी गेली. मी तिच्या मागं होते. ती खाली उभी आणि मुलगा वर केबिनमध्ये.

“डंपर त्या पट्ट्यावर घे. ट्रेलर चालतो तसा, येकाच चालीनं चालव. मी मागनं येते.”

त्याला लगेच कळलं. मला वाटलं, आता नाही म्हणेल. तो खाली उतरला. पडलेल्या पिंपांतलं एक उचललं, पट्ट्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. मग दुसरं उचललं आणि पहिल्यापासून पुढं चालत निघाला, खाली मान घालून, ओठ हलवत. बराच लांब गेल्यावर थांबला, दोन पावलं मागं आला आणि पिंप ठेवलं.

“हितनं बाबांनी गाडी भायेर काढली,” तो परत येऊन पहिल्या पिंपाकडे हात करून म्हणाला. “आनि त्या तिकडं...”

“तुला काय ठावं?”

“मी पन चालून बगितलंय, आई. लई वेळा.”

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांना चुकवून त्याच रस्त्यावर जात होते. तिनं हात वर केला. तो दुखरा हात आता थेट त्याच्या गालापर्यंत गेला. मग ती वळली आणि मला म्हणाली, “चल, बस.”

चाचांनी पेटीत उरलासुरला बर्फ भरला. मी तिच्या शेजारी बसले. पुढं डंपर निघाला, त्याच्या मागं आम्ही. डंपरच्या मागच्या पत्र्याशिवाय समोर काही दिसत नव्हतं. ती मागं मागं राहिली, अगदी तिच्या नवऱ्यानं ठेवलं असेल तेवढं अंतर ठेवून. पहिलं पिंप आलं. तिनं गाडी बाहेर काढली आणि पाय पूर्ण दाबला.

काहीच झालं नाही. इंजिन नुसतं घरघरत राहिलं. बाजूला डंपरचं ते प्रचंड चाक फिरत होतं, माझ्या डोक्याहून उंच, आणि ते मागं जातच नव्हतं. मी डॅशबोर्ड घट्ट धरला. मोकळं मैदान होतं, समोरून कुणी येणार नव्हतं, तरी धरला. मग तो धक्का बसला, शिट्टी किंचाळली आणि गाडी पुढं झेपावली. डंपरची चाकं मागं सरकली, दार आलं, दारातला तिच्या मुलाचा चेहरा आला, आणि त्याच क्षणी दुसरं पिंप आमच्या बाजूनं सट्‌कन मागं गेलं.

आम्ही अजून डंपरच्या बरोबरीनंच होतो.

“परत,” ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला थोडं पुढं होतो. पण सुटलो नव्हतो. तिसऱ्या खेपेला पहिल्या पिंपापाशीच इंजिनातून मोठा आवाज झाला, पांढऱ्या वाफेनं काच भरली आणि गाडी आपोआप मंद होत होत उभी राहिली. डंपर थांबला. मुलगा धावत आला. चाचाही आले.

मावशीनं हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. अबोलीची फुलं चुरगळून तिच्या कपाळावर चिकटली होती.

“चाचा, खरं सांगा. मोटा टेम्पो, मालानं भरलेला, ह्याच्याहून लवकर गेला असता?”

चाचांनी मान हलवली. “नाही, आपा. खुदाची कसम. भरलेल्या मोठ्या टेम्पोनं ह्याच्या निम्म्यानंही वेग घेतला नसता.”

“आनि ट्रेलर डंपराहून लांब असतो,” मुलगा हळूच म्हणाला.

ती समोर बघत होती. “दम उशिरा येतो रे. मागितला तवा नाय येत.” मग थोड्या वेळानं, “मंग मोटा घेतला असता तरी...”

मुलगा तिच्या दाराशी मातीत गुडघे टेकून बसला होता.

“तरी नसते सुटले, आई. कंच्याच गाडीनं नसते सुटले. बाबांनी घाई केली.”

“मी केली नाय?”

“तू नाय केलीस.”

ती मोठ्यानं रडली नाही. तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे हलत राहिले, दोन्ही सारखे. मी गाडीतून उतरले आणि चाचांबरोबर दूर जाऊन उभी राहिले. मागं वळून बघितलं तेव्हा मुलानं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं होतं आणि ती त्याच्या केसांतली धूळ झाडत होती.

गाडी डंपरला दोरानं बांधून घरी आणली. चाचा दुरुस्त करून देतो म्हणाले. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे. तो रविवार गेला, पुढचा आला, ती गव्हाणला गेली नाही. मी तयार होऊन बसले होते. ती अंगणात सुकट निवडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, “कुटं चाललीस नटून?”

हळूहळू ती करंज्याला जायला लागली. आधी सणावाराला, मग आठवड्यातून दोनदा. मुलगाच सोडायला जायचा. एकदा भावाच्या घरी राहिली ती राहिलीच. लिलावात बसते, बोली लावते, भांडते, असं तो हसून सांगायचा. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. पण अंगण शांत झालं. शेवग्याची फुलं बॉनेटवर साचायची आणि कुणी झटकायचं नाही. मी हॉस्पिटलातून येताना अजूनही बॅटरीसाठी नवे सेल घेऊन यायची, सवयीनं. वर्षभर तशीच राहिले. मग लग्न झालं, नागपूरला आले. निघताना तिचा निरोप घ्यायला करंज्याला जायचं होतं. बसचा, सुट्टीचा, कशाचाच मेळ बसला नाही. ती मुलाजवळ माझ्यासाठी सुके बोंबील पाठवून मोकळी झाली.

इथं माझा स्वतःचा दवाखाना आहे. खांदे धरलेली माणसं येतात. मी त्यांना भिंतीवर बोटं चढवायला सांगते आणि ती मुकाट्यानं चढवतात. पाना चालेल का, असं कुणी विचारत नाही. कधी कधी वाटतं, सगळं आवरावं, गाडी पकडावी आणि सरळ जाऊन त्या बंदरावर तिच्या शेजारी उकिडवं बसावं. मग मुलीची शाळा असते, कुणाचं तरी लग्न असतं.

मावशीच्या मुलानं तिला आता चांगला मोबाइल घेऊन दिलाय. सकाळी, मी डबे भरत असताना, तिचा व्हिडिओ कॉल येतो. मागं लिलावाचा गलका, कावळे, कुणाच्या तरी शिव्या. तिला वाटतं, फोन कानाला लावूनच बोलायचं असतं. त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नाही. दिसतो एक मोठा, सुरकुतलेला कान, त्यातली सोन्याची कुडी आणि कानाच्या कडेनं थोडंसं आभाळ.

“बग, आज कवढ्या होड्या आल्यात,” ती ओरडते. “बग तो सुरमईचा ढीग. दिसतंय का गो?”

मुलगी मागून काहीतरी सांगायला बघते. मी तिला हातानं गप्प करते.

“दिसतंय, मावशी,” मी म्हणते. “सगळं दिसतंय.”